न्हाऊ घालणारे हात

हे सावकाश वाचायचं आहे. घाईत असाल तर आज बाजूला ठेवा, उद्या घ्या. तुम्ही ओली बाळंतीण असाल तर पडल्यापडल्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. बाळ उठलं तर जिथे असाल तिथे सोडून द्या, राहिलेलं कुठे पळून जात नाही. तुम्ही तिची आई, सासू, नणंद किंवा नवरा असाल तर तिच्या खोलीत जाण्याआधी वाचा. आणि यांपैकी कुणीच नसाल, तरी तुम्हाला जन्म देणारी बाई त्या दिवशी बाळंतीणच होती. तिला डोळ्यांसमोर ठेवा.

पाठ टेकून बसा. खांदे खाली येऊ द्या. जबडा आवळलेला असेल तर सैल सोडा. श्वास जसा येतो तसा येऊ द्या, त्याला शिस्त लावायला जाऊ नका. आज आपण एकाच गोष्टीपाशी बसणार आहोत: बाळंतिणीला न्हाऊ घालणं.

पाणी

हैदराबादमधलं एक न्हाणीघर मनात आणा. काचीगुडा किंवा सुलतान बाजारकडचं जुनं मराठी घर असेल, तर खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, बसायला लाकडी पाट. कोंडापूरच्या बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट असेल, तर पायाखाली टाइल्स, भिंतीवर गीझर आणि प्लॅस्टिकचं स्टूल. तुम्हाला जे ओळखीचं असेल ते घ्या. बादली भरते आहे. पाण्याचा आवाज ऐका.

हे पाणी आलं कुठून? 1908 च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला आणि शहराची वाताहत झाली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून मुसीवर धरण बांधलं, आणि 1920 मध्ये गंडिपेटचा तलाव उभा राहिला. त्याचं पाणी एकदा प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असं इथली जुनी माणसं अजून सांगतात. पुढे शहर वाढत गेलं, गंडिपेट पुरेना. आता नळाला येतं ते मुख्यतः मांजरा, कृष्णा आणि गोदावरीचं पाणी. मांजरा उगवते बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात, कृष्णा महाबळेश्वरला, गोदावरी त्र्यंबकेश्वरला.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. नोकरीपायी किंवा डॉक्टरपायी एखादीचं ते हैदराबादलाच करायचं ठरतं. मग तिची आई नांदेडहून, लातूरहून रेल्वेने येते. पिशवीत डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा. ती येऊन पोचते तेव्हा पाणी तिच्या आधीच माहेराहून आलेलं असतं. या विचारापाशी थोडं रेंगाळा. मुलगी माहेरी जाऊ शकली नाही, तर माहेर जेवढं येऊ शकतं तेवढं येतं.

आता बादलीत कोपर बुडवा. बोटांना सोसतं ते अंगाला सोसेलच असं नाही, म्हणून कोपर. कढत पाणी घेतलं की बाळंतिणीचं अंग लवकर आवळतं, अशी समजूत घरोघरी आहे. पण तिचं रक्त नुकतंच गेलेलं असतं. फार गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पाणी सोसवेल एवढंच ऊन. तिने बसूनच न्हायचं. न्हाण्याआधी ग्लासभर पाणी प्यायचं. दाराला कडी लावायची नाही. आणि बाहेर कुणीतरी हाकेच्या अंतरावर असायचं.

पाला

आता पातेल्यात उकळणाऱ्या पाल्याकडे या. निर्गुडीची एक डहाळी हातात घेतली आहे असं समजा. एका देठावर तीन किंवा पाच लांबट, टोकदार पानं. वरून गडद हिरवी, उलटी केली की पांढुरकी. चुरगळा. वास उग्र, थोडा कापराकडे झुकणारा. ओढ्याकाठी, शेताच्या कुंपणाला हे झुडूप आपोआप येतं, निळसर जांभळे तुरे धरतं. शेजारची तेलुगू आजी याला वाविली म्हणते आणि तीही आपल्या लेकीच्या न्हाण्याच्या पाण्यात हाच पाला घालते. सोबत कुणी कडुनिंब घालतं, कुणी एरंडाची पानं, कुणी हळदीचं कांड ठेचून टाकतं.

या शहरात बाळंतिणीच्या पाण्यापर्यंत यायच्या वाटा अनेक आहेत. चरकाने सूतिकेसाठी सांगितलं आहे, की पोटाला तूप-तेल चोळावं, रुंद कापड गुंडाळावं आणि दोन्ही वेळा ऊन पाण्याने शेकावं. सुश्रुताने बला तेलाचा अभ्यंग आणि वात शमवणाऱ्या औषधींचा काढा सांगितला. आपल्या आज्या ज्याला नुसतं दशमूळ म्हणत, त्यात बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू अशी दहा मुळं येतात. चारमिनारच्या बाजूला मक्का मशिदीसमोर निजामिया दवाखाना आहे. तिथल्या युनानी वैद्यकात कमरेपर्यंत काढ्यात बसवण्याला आबज़न म्हणतात आणि दुखऱ्या जागेवर काढ्याची धार धरण्याला नतूल. जुन्या शहरातल्या मुस्लिम घरांत चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात, बाळंतिणीला ओवा-सुंठीची अछवानी देतात. पोथ्या वेगळ्या, देव वेगळे, पातेल्यातली वाफ सारखीच.

पाला खरंच काम करतो का? हा प्रश्न मनात आला असेल तर त्याला दाबू नका. मनन म्हणजे डोळे मिटून मान डोलावणं नव्हे. ऊन पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, पाठ-कंबर मोकळी होते, झोप लागते, हे कुणालाही अनुभवता येतं. निर्गुडीच्या पानांतले सूज उतरवणारे गुण प्रयोगशाळेत दिसलेले आहेत. पण पाल्याच्या पाण्याने गर्भाशय लवकर पूर्ववत होतं किंवा जखम लवकर भरते, असं छातीठोक सांगावं एवढा पुरावा नाही. गर्भाशय आवळायला बाळ स्वतः हातभार लावतं: ते पिऊ लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन पाझरतं आणि पोटात कळ येते. पाल्याला त्याच्या जागी राहू द्या. तो गाळून घ्या, एकही पान-काडी पाण्यात उरू देऊ नका, अंगावर खाज किंवा पुरळ उठलं तर बंद करा. आणि वास मात्र मनापासून घ्या. तो घरभर पसरला की घरातल्या सगळ्यांना कळतं, की आता पुढचा अर्धा तास तिचा आहे.

इथे थांबा. दोन-तीन श्वास.

पोट

आता लक्ष ओटीपोटाशी आणा. तुम्ही बाळंतीण असाल तर तिथे हात ठेवा, हलकेच. नसाल तर नुसतं मनाने जा.

बाळ जन्मलं त्या घटकेला गर्भाशयाचं वजन साधारण किलोभर असतं. सहा आठवड्यांनी ते साठेक ग्रॅमवर येतं. दहा-चौदा दिवसांत गर्भाशय पुन्हा ओटीपोटाच्या हाडामागे दडतं, बाहेरून हाताला लागेनासं होतं. एवढी मोठी आवराआवर शरीरात दुसऱ्या कुठल्या अवयवाला इतक्या थोड्या दिवसांत करावी लागत नाही. आणि ती कुणाला दिसत नाही. बाळाचं वजन दर आठवड्याला काट्यावर घालतात. हे वजन कोणी घालत नाही.

आत आणखी एक गोष्ट असते. वार सुटून येते तिथे गर्भाशयाच्या भिंतीवर तळहाताएवढी जखम राहते. अंगावरून जातं ते त्या जखमेचं. आधी लाल, मग तपकिरी गुलाबी, मग पिवळट पांढरं. तुमचा स्वतःचा तळहात उघडा आणि त्याच्याकडे बघा. एवढी जखम पायावर असती, तर लोकांनी तिला चालू दिलं असतं का? पाहुण्यांना चहा करायला उठवलं असतं का?

म्हणूनच बाहेरून न्हाणं चांगलं, पण काढा पिचकारीने आत सोडणं कधीही नाही. टाके असतील तर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं कंबर बुडवून बसल्याने आराम पडतो. पण तो टब घासून धुतलेला हवा आणि डॉक्टरांनी हो म्हटलेलं हवं. तेलंगणात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 च्या फेरीत शंभरातली साठाहून अधिक बाळंतपणं सिझेरियनने झालेली आढळली. देशात हे प्रमाण एकवीस-बावीसच्या आसपास होतं. म्हणजे आज हैदराबादमधली बाळंतीण बहुधा पोटावर टाके घेऊन घरी येते. आज्यांची रीत तिच्यासाठी जशीच्या तशी चालायची नाही. पोटावर दाबून चोळायचं नाही, घट्ट पट्टा आवळायचा नाही, जखमेवर पाला-हळद थापायची नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा आणि सांगतील तसं न्हायचं. तोवर पाठ, खांदे, पोटऱ्या, तळवे आहेतच; थकवा तिथेही साठलेला असतो.

हात

आता येऊ खऱ्या जागी. डोळे मिटायचे असतील तर मिटा.

सकाळचे दहा वाजलेत. न्हाऊ घालणारी बाई आली आहे. ती पदर खोचते, बांगड्या कोपराकडे सरकवते, साबणाने हात धुते. हे हात धुणं बघा, घाईने पुढे जाऊ नका. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरच्या ध्यानात आलं, की प्रेतांची चिरफाड करून तसेच प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातून बाळंतिणी तापाने मरताहेत. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मरणं झपाट्याने उतरली. तरी त्याचं म्हणणं मोठमोठ्यांच्या गळी उतरलं नाही. आपल्या शहराची आठवणही अशीच आहे. सातव्या निजामाची सून, राजकन्या निलोफर, हिची एक दासी बाळंतपणात दगावली. त्या दुःखातून 1953 मध्ये लाल टेकडीवर, रेड हिल्सला, बायका-मुलांचं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याला निलोफरचं नाव मिळालं. राजवाड्यातल्या दासीलाही जे मिळालं नव्हतं, ते पुढे कोणाही बाईला मिळावं म्हणून.

बाई तेल कोमट करते. तळव्यांपासून सुरुवात, मग पोटऱ्या, गुडघे, मांड्या, कंबर. पाठीला अंगठ्यांनी मणक्याच्या दोन्ही बाजूंनी वर जाते. मानेशी आली की बाळंतीण नकळत मान सोडते. रात्रभर ज्या मानेने बाळाकडे बघितलं, ती मान आता दुसरीच्या हातात आहे. मग डाळीचं पीठ, मग पाण्याचे तांबे, खांद्यावरून, एकामागून एक.

या अर्ध्या तासात एक गोष्ट चाललेली असते, तिच्याकडे नीट बघा. घरात सगळे बाळाला बघायला येतात. नाक कुणावर गेलं, रंग कुणाचा आला, रडतं फार का. बाळंतिणीला कोणी बघत नाही. न्हाऊ घालणारी बाई बघते. तिचे हात बघतात. पाय सुजलेत का? एकाच पोटरीला हात लावला की कळवळते का? अंग कालपेक्षा तापलंय का? छातीत गाठ झाली का, स्तनाग्रं चिरली का? अंगावर जास्त जातंय का, त्याला घाण वास येतोय का? आज ही बोलत का नाही?

माझ्या समजुतीने न्हाण्यातलं औषध ते हे आहे. पाला निमित्त, पाणी निमित्त. रोज एकदा, एका माणसाने, या बाईचं अंग मायेने आणि नीट बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सांगितलं, की बाळंतपणानंतर पहिल्या दिवसाच्या देखरेखीशिवाय सहा आठवड्यांत आई-बाळाला किमान तीनदा तपासावं. आपल्याकडे आशाताईंनी घरी यायचे दिवस ठरलेले आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. न्हाऊ घालणारी रोज येते. ती डॉक्टर नाही, पण डॉक्टरकडे कधी न्यायचं ते सर्वांत आधी तिला कळू शकतं, जर आपण तिला विचारलं तर.

म्हणून काही गोष्टी तिला आणि घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असाव्यात. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप असेल, स्रावाला दुर्गंधी असेल, एक पोटरी सुजून लाल झाली असेल, दम लागत असेल, डोकं फुटेल असं दुखत असेल किंवा नजर धूसर होत असेल, तर त्या दिवशी न्हाणं राहू द्या आणि सरळ दवाखाना गाठा. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं पुष्कळींना होतं, ते ओसरतं. दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, बाळ नकोसं वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तोही आजारच आहे आणि त्यालाही डॉक्टर आहेत. टेलि-मानसचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालतो. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील, तर तिला एकटं सोडू नका, त्याच क्षणी दवाखान्यात न्या.

तुम्ही बाळंतीण असाल तर आता मनातल्या मनात आपल्या अंगाला वरून खाली एकदा विचारा, कुठे काय दुखतंय. जे उत्तर येईल ते आज कुणाला तरी सांगा. सहन करणं हा बाळंतपणाचा भाग होऊन गेला, आता सांगायची पाळी.

ऊब

न्हाणं झालं. केस पुसून झाले. आता शेक आणि धुरी. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणीची सालं; तेलुगू घरात साम्राणी, जुन्या शहरात लोबान. बाजेखाली शेगडी असायची, त्या काळी घराला कौलं होती आणि धूर फटींतून निघून जायचा. फ्लॅटच्या बंद खोलीत कोळसा पेटवला की त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि जीव घेतो. बाळाच्या इवल्या छातीला तर साधा धूरही नको. तेव्हा खोलीत कोळसा नाही. रबरी पिशवीत ऊन पाणी, तिच्यावर कापड, आणि मऊ पातळ. ऊब तीच राहते.

मग ती आडवी होते. या झोपेला कुणी हात लावायचा नाही. सोयर, विटाळ, शिवायचं नाही, कोपऱ्यातली खोली: या नावांखाली बाईला वेगळं बसवलं गेलं, अपमानही झाला. पण त्याच भिंतीआड तिला सव्वा महिना चुलीपासून सुटकाही मिळत होती. आपण आधुनिक झालो आणि दोन्ही एकदमच टाकलं. तिसऱ्या आठवड्यात ती लॅपटॉप उघडून बसते. विटाळ जाऊ द्या, विसावा राहू द्या.

तिचं काय

शेवटी एकदा त्या न्हाऊ घालणारीकडे वळा. ती आता आपला पदर पिळते आहे. तिला अजून दोन घरं गाठायची आहेत.

मराठवाड्याच्या गावांत सुईणपण पुष्कळदा मातंग किंवा न्हावी समाजातल्या बायकांकडे असे. मातंग बाईच्या ज्या हातचं पाणी घरात चालत नव्हतं, त्याच हातांत त्या घरातली बाळं पहिल्यांदा आली. आज शहरात ही कामं एजन्सीमार्फत मिळतात, दर ठरलेले असतात, पण बाई बहुधा त्याच गरिबीतून आलेली असते. तिला तिच्या बाळंतपणात किती दिवस मिळाले होते? कुणी न्हाऊ घातलं होतं? कितव्या दिवशी ती कामावर परतली?

2017 च्या दुरुस्तीने कायद्यातली भरपगारी बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली. पण ती दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी. आपलं घर त्यात बसत नाही. त्याच वर्षी तेलंगणात सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायकांसाठी केसीआर किट सुरू झाला: साबण, तेल, मच्छरदाणी, साडी, बाळाचे कपडे, शिवाय हप्त्यांत रोख रक्कम. गरजेच्या वस्तू होत्या, बायकांना उपयोगी पडल्या. त्या तेलाला लावणारे हात मात्र ज्याचे त्याने शोधायचे.

तेव्हा हे मनन इथे एका हिशेबाशी येऊन टेकतं. बाळंतिणीला रोज बघणारं माणूस हवं, हे पटलं असेल, तर त्या बघणाऱ्या माणसालाही कुणीतरी बघायला हवं. तिच्याशी पैसे ठरवताना बारशाच्या साडीवर वेळ मारून नेऊ नका. तिची मुलगी किंवा सून बाळंत होईल तेव्हा या बाईला भरपगारी सुटी द्या आणि ती मागेल याची वाट बघू नका, आधीच सांगून ठेवा. तेवढे दिवस आपल्या घरचं न्हाणं अडेल अशी काळजी वाटत असेल, तर घरातल्या पुरुषाने तांब्या हातात घ्यावा. नवऱ्याने बायकोच्या पाठीवर ऊन पाणी ओतण्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तिचं अंग आज तापलंय का हे त्यालाही कळलं पाहिजे.